नमुना क्रमांक एक्केचाळीस

विभागातून फोन आला. कुणी नवीन पोरगा.
काका, महोत्सवाचा अंक काढतोय,
शिर्केबाईंबद्दल दोनशे शब्द सांगा ने,
विद्यार्थिनी असताना तुम्ही त्यांना पाहिलंय म्हणे.

पाहिलंय?
अरे, मी तिचे दगड घासलेत.

जिन्याखालची ती खोली,
काचेच्या पाटीवर कार्बोरंडमची पूड, चमचाभर पाणी,
आणि बोटाच्या पेराखाली दगडाचा काप
गोल गोल गोल
कागदाहून पातळ होईस्तोवर.
बेसॉल्ट असतो ना, तव्याच्या बुडासारखा काळा,
तोही शेवटी उजेडाला वाट देतो.
घाई तेवढी करायची नाही.
घाई केली की काचेवर उरतो चिखल.

ती घाई करायची.
कुंदा शिर्के, रोल नंबर सात, वर्गात मुलगी एकटीच.
दांडिया बाजारातून सायकल, हँडलला पिशवी,
पिशवीत हातोडा, हातोड्याखाली चेपलेली भाखरी.
वडील राजवाड्याच्या पागेत हिशेबनीस.
घोडे विकले गेले, तरी ते हिशेब लिहीत राहिले.

खनिजशास्त्रात ती नापास झाली होती.
हे छापशील का?
शंभरात एकोणतीस.
नोटीसबोर्डावरून तडक खाली आली,
म्हणाली, दौलतभाऊ, मला घासायला शिकवा.
म्हटलं, ताई, हे तुमचं काम नाही.
म्हणाली, मग कुणाचं?

तीन महिने. नखं झिजली तिची.
एकवीस काचा फोडल्या. साठ्याच्या वहीत
मी कारण लिहिलं: उंदीर.

कच्छच्या दौऱ्याला मुलींना नेत नसत.
सोबत बाईमाणूस पाहिजे, सर म्हणाले, विषय संपला.
दुसऱ्या दिवशी पहाटे स्टेशनवर ही उभी,
शेजारी विधवा आत्या, वळकटी आणि पितळी तांब्या घेऊन.
आता काय बोलणार सर?

त्या गोदूआत्याला नकाशा कळत नव्हता,
पण गावागावात आडाचं पाणी चाखून सांगायची,
हे मचूळ. हे बरं आहे. हे थुंका.
पोरं हसायची.
ही पेन्सिलीनं वहीत टिपायची: आड, खोली, दगड, आत्या.

पुढचं तुमच्याकडे आहेच की,
सुवर्णपदक, बाहेरदेशची पदवी,
खारट जमिनीखाली बावीस गावांचं गोडं पाणी,
दिल्लीला सत्कार, शाल.
प्रबंधाच्या आभारांत आत्या आहे. मीही आहे शेवटच्या ओळीत.
कदमचं छापलंय कर्दम.
कर्दम म्हणजे चिखल, हे मला शास्त्रीबुवांनी सांगितलं.
चूक तरी कशी म्हणू? मनगटापर्यंत तोच तर असायचा.

एक गोष्ट मात्र तुझ्या अंकात नको.
पान अठ्ठ्याऐंशी, तळटीप बघ:
नमुना क्र. ४१ गहाळ.

गहाळ नाही तो.
बावन्न वर्षं माझ्या चष्म्याच्या घरात आहे.
तिच्या हातून सारखा उतरलेला तो पहिला काप,
सूक्ष्मदर्शकाखाली धरला, वरची काच फिरवली,
आणि त्या काळ्या दगडातून
निळा, नारिंगी, शेवाळी,
मांडवीतल्या दुकानात लुगडी उलगडत जावीत तसा.
ती काही बोलली नाही. मीही नाही.
संध्याकाळी घरी दाखवायला म्हणून खिशात टाकला.
घरी सूक्ष्मदर्शक कुठला? चिमणीपुढे धरला,
बायको म्हणाली, काचेवर डाग पडलाय.
सकाळी परत ठेवायचा होता.
सकाळी ठेवला नाही.

परवा ती येणार म्हणतोस.
काठी घेऊन चालते? माझ्याहून लहान आहे रे.
मग तेवढा जिना उतरवा तिला, हात धरून,
मी खाली असेन.

दोनशे शब्द ना? घे लिहून:
मेहनती होत्या. सायकलवरून यायच्या.
उंदीर लिहू नकोस.

आणि एक सांग,
जिन्याखालची खोली आता कुणाकडे आहे?
झेरॉक्सवाल्याकडे?
बरं.
त्याच्याकडे दिवा तरी असेल.