फुंकणी

तलगत पुठ्ठ्याची पांढरी नळी पुढे करतो.
"एजे, खोल श्वास घ्या. आता फुंका,
फुंका, फुंका, अजून, अजून, अजून—"

बुबुइरा हसते, हसताना खोकते.
हे शिकवायला आलाय पोरगा!
सहाव्या वर्षापासून दुसरं केलंय काय?
मेंढवाड्यातून फावड्याने कापलेलं शेण,
अर्धं ओलं, ऑक्टोबर ते मे चुलीत;
कच्च्या विटांची खोली, छपराला एक नळकांडं,
वारा फिरला की धूर माघारी घरात,
पाहुण्यासारखा, वरच्या जागेवर.

पडद्यावर रेघ चढते
आणि खिंड यायच्या आतच
दमलेल्या घोड्यासारखी बसते.
पहिल्या सेकंदाला नऊशे मिलिलिटर.
"म्हणजे तीन पियाले चहा," ती म्हणते.
"एवढ्यात माझं भागत नाही."

मग रक्त. दोन कुप्या, मायलेकींच्या,
बर्फाच्या पेटीतून नारीनचा घाट उतरून गेलेल्या.

सात महिन्यांनी कागद आले.
तलगत सांगायला बसतो, आणि अडतो.
जनुकं बिघडलेली नाहीत, एजे.
अक्षरं जन्मली तशीच आहेत,
काना गळलेला नाही, वेलांटी पुसलेली नाही.
फक्त काही जागी
मिथाइलचा एक बारीकसा कण येऊन बसलाय
आणि तिथल्या अक्षराचा पाय मोडलाय.
अक्षर आहे. उच्चार अर्धा.
फुप्फुसाला जे पुरतं म्हणायचं होतं
ते ओठांतच राहतं.

"म्हणजे धुराने माझ्यात लिहिलं?"
"लिहिलं नाही. वाचायची रीत बदलली, बहुतेक.
धुराने, की आजाराने, की दोघांनी मिळून,
हे अजून कुणी छातीठोक सांगत नाही."

"छातीठोक," ती म्हणते, आणि खोकते.

दुसरा कागद त्याने घडी घालून ठेवलाय.
नाझिकचा. ती बँकेत असते, शहरात,
भिंतीला गरम पाण्याचे नळ,
शेणाला हात लावून वीस वर्षं झाली.
तिची रेघ सरळ खिंडीपार जाते.
पण दोन जागी तीच खूण.
"मार्चचा जन्म ना हिचा?" तो विचारतो, हळू.
म्हणजे अख्खा हिवाळा पोटात.

बुबुइरा बराच वेळ चुलीकडे बघते.
त्या वर्षी नदी तळापर्यंत गोठली होती, ती म्हणते.
दोन घोडे उभ्याउभ्या गेले.
फुंकलं नसतं मी,
तर ही वाचली नसती.

तलगत कागदाची घडी उलगडतो,
पुन्हा तशीच घालतो.