तीन फेरे

निलोफरचा फोन आला सातला.
"अब्बा, आज हिरवी लाईन गेली."

हातातली ओ-रिंग हातातच राहिली.
कुपवाडच्या आमच्या शेडमध्ये लाईन रोजच जाते,
उसाच्या ट्रॉलीचा जॅक, जेसीबीचा सिलिंडर,
खाली पत्र्याचा डबा लावला की झालं.
विमानात तीन असतात : हिरवी, निळी, पिवळी.
एकीचं तेल दुसरीत जात नाही.
हे तिनंच सांगितलेलं, इथंच, उलट्या बादलीवर बसून.

किती उरलं होतं?
"काही नाही."
कुठं होतीस तेव्हा?
जरा थांबली.
"तुमच्याच डोक्यावर. हरिपूरचा संगम दिसत होता."

साडेचारला मी चूळ भरायला बाहेर आलेलो.
वर एक पांढरी रेघ होती.
रोजच असते.

नववीत असताना ती होजवर बोट फिरवून
गळती शोधत होती. मी हातावर फटका दिला.
पुठ्ठा फिरव म्हटलं, पुठ्ठा.
सुईएवढ्या भोकातलं तेल कातडीत शिरतं
आणि आधी दुखतसुद्धा नाही.
रावसाहेबाचं बोट मिरजेच्या दवाखान्यात राहिलं
ते असंच.

"कॅप्टन म्हणाले, तू वाच.
मी वाचलं. एक ओळ, मग हात.
पंप बंद करायच्या आधी बटणावर बोट ठेवून
विचारलं, हेच ना?
ते म्हणाले, हेच.
मगच दाबलं."

चाकं काढायला तेल नव्हतं.
दोघांच्या मधे, मागं, एक दांडा असतो म्हणे, दुमडलेला.
तो उघडायचा, तीन फेरे द्यायचे, हातानं.
दारं सुटतात
आणि चाकं पडतात खाली
आपल्याच वजनानं.

मी ऐकत राहिलो.
ज्या पडण्याला भिऊन आम्ही
ट्रॉलीखाली बाभळीचा ओंडका लावल्याशिवाय
डोकं घालत नाही,
तेच पडणं तिनं मागून घेतलं,
दीडशे माणसं मागं बसवून.

"तीन हिरवे दिवे लागले, अब्बा."
तिसरा उशिरा लागला, हे नंतर सांगितलं.

पुण्याला धावपट्टीवरच थांबले.
पुढचं चाक वळत नव्हतं, ट्रॅक्टरनं ओढून नेलं.
कुठल्या कंपनीचा, मी विचारलं.
ती हसायला लागली, मग हसू थांबेना,
मग नुसता श्वास ऐकू येत राहिला बराच वेळ.

जेवलीस का, म्हटलं.

बाहेर तुंगचा एक ड्रायव्हर हॉर्न देत होता.
मी पुठ्ठा घेतला.