दोन सूत

उद्यमनगरात लेथवर तेहतीस वर्षं झाली.
किती घासलं, किती उरलं, डोळ्यानं सांगतो.
मालक व्हर्नियर लावून बघतो
आणि गप बसतो.

तर सांगतो.
बावड्याहून येताना, हंगामात,
उसाची जोड-ट्रॉली मला वीतभर सोडून जाते.
आधी वाडं लागतं कानशिलाला, मग चाकं दिसतात,
तेवढी वर्दी पुरते.
केएमटी हातभर,
ड्रायव्हर ओळखीचा असला तर दीड.
रिक्षा चार बोटं.
आणि परवा दाभोळकर कॉर्नरला एक पांढरी मोटार,
नवी, बॉनेटवर अजून हळदकुंकू,
ती गेली दोन सूत सोडून.

दोन सूत म्हणजे पाव इंच.
शाफ्ट आणि बुशात एवढी फट राहिली
तर जॉब भंगारात टाकतो आम्ही,
ढिला म्हणून.

काच खाली आली. आतला गारवा माझ्या गुडघ्याला लागला.
"अय, मरायचंय काय? कडंनं चालव की!"
माझं नाव भूपाल मगदूम.
रस्त्यावर ‘अय’ म्हणतात.
कडंला बघितलं.
कडंला गटार, गटारावर फरशी,
फरशीवर भेळेचा गाडा,
गाड्यापुढं तीन बुलेट तिरक्या लावलेल्या.
म्हटलं, साहेब, कड दाखवा, जातो.
मागच्या सीटवरचं पोरगं हसलं.
त्याला कळलं असावं.
काच वर गेली.

रविवारी रंकाळ्यावर हेल्मेटवाली मंडळी निघतात,
सायकल बोटावर उचलावी अशी हलकी.
त्यांना मोटारी थांबून वाट देतात,
कुणी अंगठाही दाखवतं.
त्यातले एक डॉक्टर पंक्चर होऊन उभे होते,
ट्यूब काढून दिली.
"रोज किती किलोमीटर मारता, काका?"
कामावर पोचण्याइतके, म्हटलं.
"आमच्या ग्रुपला या की."
भला माणूस. खरंच भला.
पण रविवारी मी झोपतो.

आता एक सांगायचं राहिलं,
सांगितलं नसतं तरी चाललं असतं.
गेल्या महिन्यात चेन तुटली
म्हणून लेकीची स्कूटी घेऊन निघालो.
परीख पुलाखाली, पुढं एक म्हातारा,
कॅरिअरला गुळाची ढेप बांधलेली,
पायडल मारताना सगळं अंग डावी-उजवीकडं.
मला आठ मिनिटं उशीर.
अंगठा आपोआप हॉर्नवर गेला.
एकदा नाही.
तोंडातनं काय निघालं ते हेल्मेटमध्येच घुमलं,
मलाच ऐकू आलं,
‘अय’पासनं सुरू होत होतं.

त्याला किती सोडून गेलो मी?
मागं वळून बघितलं नाही.
व्हर्नियर कामावर होता.