पुरुमेंत

वाळपईहून रोहिदास गावस यांचा फोन:
"बाय, तुजो एडिटर उगडलो म्हणटकच
फॅन भाताच्या गिरणीवरी वाजता."
मी म्हणाले, पाच मिनिटं थांबा, आपोआप शांत होईल.
"पाच मिनिटांत," ते म्हणाले, "माझी ओळ निघून जाते."

ते सत्तरीतल्या झाडांची नावं लिहून ठेवतायत.
एकाच झाडाला तीन गावांत तीन नावं.
लॅपटॉप जावयानं टाकून दिलेला,
बॅटरी चहा उकळेपर्यंत टिकते.

मी धाडलेल्या पुरवण्या
(कंस जुळवणारी, शुद्धलेखनवाली, ती रंगांची)
कच्च्याच पोचतात त्यांच्याकडे.
माणूस पानावर बसल्यावर
बिचारं मशीन चूल पेटवतं,
एकेक पुरवणी यंत्राच्या भाषेत शिजवू लागतं,
आणि पाहुणा तेवढा वेळ
धूर खातो.

माझ्या भिंतीपलीकडे, इथे माशेलात,
आनाक्लेतबायनं चटईवर मिरच्या पसरल्यात.
शेजारी सोलं, सुकी सुंगटं,
कावळ्यांसाठी एक फाटकी छत्री.
"पावसांत मिरसांगो सुकयत बसूं?"
असं ती मला विचारते,
जणू मीच तसं सुचवलं होतं.

ठरलं. चूल माझ्याकडे पेटू दे.
रात्री अकराला बांधणी लावली.
एकशे बारा पुरवण्या.
दीडला वीज गेली, इन्व्हर्टर कण्हला, टिकला.
पोदेराचा भोंपू वाजला तेव्हा एकशे नऊवर होते.
पॅकेज फुगून दुप्पट झालं,
मी उंडे आणले,
पाठवून दिलं,
झोपले.

दुपारी फोन.
फॅन आता वाजत नाही.
एडिटरही उघडत नाही.
पडद्यावर एकच ओळ: अवैध आज्ञा.
"अवैध कोण?" त्यांनी विचारलं. "मी?"

नाही हो, मीच.
कंपायलरला मी सांगून बसले होते,
माझ्या प्रोसेसरला जे जे येतं ते सगळं वापर.
माझा नवा, त्याला नव्या युक्त्या येतात.
त्यांच्या बापड्या यंत्रानं
ते शब्द जन्मात ऐकले नव्हते.
झाडाचं फक्त माझ्या गावातलं नाव
मी वाळपईला पाठवलं होतं.

तो एक शब्द खोडला.
दुसरी रात्र.
या वेळी सगळ्यांना कळेल अशा साध्या बोलीत,
जरा हळू चालेल, चालेल.
मूळ फाइल सोबत ठेवली, अक्षर न् अक्षर तीच,
कारण एक स्वल्पविराम जरी हलला
तरी मशीन म्हणतं, हे ते नव्हे,
आणि पुन्हा फुंकणी हातात घेतं.

मग फोन आला नाही.
एक दिवस, दोन दिवस.
आमच्या कामात हीच पोचपावती असते,
तिची सवय मला अजून नाही,
मी उगाच दोनदा मोबाइलची रेंज पाहिली.

चौथ्या दिवशी, ऐन जेवणाच्या वेळी:
"कुंभ्याच्या झाडाला
तुमच्या माशेलात काय म्हणतात गे?"
एडिटरबद्दल चकार शब्द नाही.
मागे कुठे तरी कोंबडा आरवत होता,
फॅनचा आवाज मात्र नव्हता,
मी कान देऊन ऐकलं.

मला ठाऊक नव्हतं.
थांबा हं, म्हणाले,
आणि उष्ट्या हातानंच
भिंतीपलीकडे हाक मारली.