वेटिंग

नरसय्याला जिल्ह्यातले सगळे किल्ले
बाहेरून पाठ.
करमाळ्याला लिंबाची सावली चारपर्यंत टिकते.
मंगळवेढ्यात गाडी उलटी लावायची,
नाहीतर बाजारात अडकते.
एकतीस वर्षं. आत कधी गेला नाही.
"गाडी कोण बघणार?"

माचणूरला भीमा आटलेली, तटावर शेळ्या.
म्हटलं, चावी द्या, मी बसते. तुम्ही जाऊन या.
त्याने आधी आरसा पुसला,
मग देवळात काढतात तशी चप्पल काढली,
काहीतरी आठवून पुन्हा घातली.

पाऊण तास मी त्याच्या जागेवर.
सीटला त्याच्या पाठीचा खळगा,
डॅशबोर्डवर मार्कंडेय, एक सुकलेली शेवंती.
ऊन गुडघ्यावर होतं, मांडीवर आलं.
बुरुजावर एक पांढरा सदरा दिसला,
गेला,
भलत्याच बुरुजावर दिसला.

आला तेव्हा बाहीला कुसळं.
"काय पाहिलंत?"
"काही नाही. मोकळंच आहे की आत."

बेगमपूरचा पूल ओलांडल्यावर
गिअर बदलत म्हणाला,
"बादशहा आत असणार. मग
घोडी धरून बाहेर कोण थांबत असेल ओ?"
मला माहीत नव्हतं.
कामतीपर्यंत दोन्ही अंगांना ज्वारी,
हुरड्याला आलेली, कुणीच काही बोललं नाही.

अशोक चौकात उतरले. त्याने वही काढली,
किलोमीटर लिहिले, डिझेल लिहिलं.
वेटिंगच्या रकान्याशी पेन अडलं.
"हा पाऊण तास," तो म्हणाला,
"कुणी कुणाला द्यायचा?"