पंचविसावी रांग

आमच्या खाली कोणी नाही.
सी डिव्हिजनच्या तक्त्यात टेका स्पोर्टिंग तळाला,
त्याखाली थेट असोसिएशनच्या शिपायाने
भिंतीला मारलेली चिकटपट्टी.
खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलतात ते वरच्यांना,
पडायला आधी उंची लागते.
आम्हाला नियम एकच:
दोनदा सात जण उभे करता आले नाहीत
तर नाव कापणार.

मी वही ठेवतो. बारा वर्षं.
पुढून उघडली की वर्गणी,
मागून उलटी उघडली की गोल.
मागची पानं बरीच कोरी आहेत.

ऑगस्टात रेल्वेच्या मैदानावर
काळी माती बुटाला सोडत नाही,
एकेक पाय उचलायला दुसऱ्याची परवानगी लागते.
पेनल्टी बॉक्समध्ये तळं.
चेंडू त्यात जाऊन बसला
आणि दोन्ही संघ बघत उभे,
म्हशीने रस्त्यात बसकण मारावी तसे.
शून्य-शून्य. एक गुण.
तो एक मी वहीत पेन दोनदा फिरवून काढला.

सप्टेंबरात कामठीच्या पोरांनी सहा घातले.
तिथली पोरं चालायच्या आधी किक मारतात,
सहाचं काही वाटलं नाही.
पण सामन्यानंतर त्यांचा कोच
आमच्या इफ्तेखारच्या खांद्यावर हात ठेवून
बराच वेळ काही सांगत होता.
पुढच्या सीझनला हा त्यांचा, मला तेव्हाच कळलं.
मी पाण्याच्या बाटल्या मोजत राहिलो.
नऊ होत्या. परत मोजल्या, नऊच.

हाफटाइमला केळी.
बाहेरगावचा एखादा पंच विचारतो, नागपुरात संत्री नाहीत?
चांगली संत्री दिल्लीला जातात, साहेब.

मग बेनेडिक्ट तिर्कीची बदली बिलासपूरला,
सुगतचा गुडघा,
आणि लोकेश उईकेला बुटीबोरीत रात्रपाळी.
तो सकाळी कंपनीच्या बसमधून थेट यायचा,
गोलपोस्टला टेकून उभ्याने झोपायचा.
बॉल आला की पोरं ओरडायची,
"उठ बे लोक्या, आला पाय!"
आणि तो अडवायचा. कधी कधी.

नोव्हेंबरच्या एका रविवारी पाचच आले.
पंचाने पंधरा मिनिटं घड्याळाकडे पाहिलं,
समोरच्या संघाने तोवर आपसात पासिंग केलं,
हसलं नाही कोणी, तेच जास्त लागलं.
वॉकओव्हर.
वहीत मी फक्त तारीख लिहिली.

शेवटच्या सामन्याला सहा.
धुकं, साइडिंगला उभी कोळशाची मालगाडी,
टेकानाक्याकडे तोंड करून सगळे
कोणाची तरी सायकल दिसते का बघतायत.
"सातवा कोण?" पंच.

दरवर्षी फॉर्मवर पंचविसाव्या रांगेत
जागा रिकामी दिसू नये म्हणून
मी माझंच नाव टाकतो:
हेमराज नंदेश्वर, जन्म एकाहत्तर,
फोटो जुना, मिशी काळी.
पंचाने फोटो पाहिला, मला पाहिलं.
"हे तुम्हीच?"
"होतो," म्हणालो.

सुगतने बूट काढून दिले. एक नंबर मोठे.
असोसिएशनचं परिपत्रक घडी करून
मी टाचेमागे कोंबलं.
नव्वद मिनिटांत चेंडूशी तीनदा गाठ पडली,
एकदा मी त्याला मारलं,
दोनदा त्याने मला.
ऐंशीव्या मिनिटाला मालगाडी हलली
आणि मी थांबून तिचे डबे मोजायला लागलो,
तेवढ्यात आमच्यावर आणखी एक झाला.

वही त्या दिवशी कोणी लिहिली नाही,
लिहिणारा लेफ्ट बॅकला होता.
आठ खाल्ले की नऊ, यावर
नाक्यावरच्या टपरीत अजून भांडण आहे.
पंचाच्या कागदावर असेल आकडा.
मी विचारायला गेलो नाही.

फॉर्म जूनमध्ये निघतात.
या वेळी फोटो नवा काढावा लागेल.