मागचा डावा पाय

मंगळवारी सातच्या आत पोचलं तर ठीक.
नंतर पुण्याचे लोक येतात टेम्पो घेऊन,
सागवान दिसलं की भावही विचारत नाहीत, उचलतात.
मी शाळेच्या प्रयोगशाळेतली मदतनीस.
माझ्याकडे टेम्पो नाही. एक टॉर्च आहे,
प्रयोगशाळेतून आणलेलं लोहचुंबक आहे
आणि अंगठ्याचं एक नख, मुद्दाम वाढवलेलं.

चुंबक चिकटलं तर ते पितळ नव्हे, नुसता मुलामा.
हाताने पाडलेली स्क्रूची चीर कधी मधोमध नसते.
खण ओढून आत नाक घालायचं:
खरा जुनेपणा कापरासारखा येतो, खोटा चहाच्या पाण्यासारखा.
हे कुणी शिकवलं नाही. फसत फसत आलं.
आमच्याकडे एक ब्रिटिशकालीन कंदील आहे,
तळाशी बारीक अक्षरात मुरादाबाद,
आणि पुढे पिनकोड.

आज ताडपत्रीवर:
चिनी मातीच्या बरण्या, एकीच्या तळाशी अजून खार.
बंद पडलेल्या थिएटरच्या खुर्च्यांचे पत्र्याचे नंबर.
पोतंभर धोटे, किलोवर.
(पुण्यात त्यांचे दिवे करतात म्हणे, हॉटेलात टांगायला.)
कुठल्याशा लग्नातला ग्रुप फोटो.
भाव फ्रेमचा. माणसं फुकट.

आणि कडेला, उन्हात तोंड करून, ती.
वेताची बैठक, रुंद हात, पाठीमागे पांढऱ्या रंगात
टी. ओ. म्हणजे टाइम ऑफिस.
मी तिच्याकडे बघितलंच नाही. बरण्यांचा भाव विचारला,
एक अडकित्ता उघडला, मिटला,
मग जाता जाता, "आणि ही?"
हुसेनसाब नदाफ हसला. तोही वीस वर्षं हेच करतो.
"बावीसशे, ताई. मिलचा माल. असली."
अकरापासून मी चढले, तो उतरला,
सोळाशेवर दोघंही दमलो.

"असली नाही ती."
मागे एक म्हातारा उभा. हातात शेपूची जुडी.
"मागचा डावा पाय बघा की ओ. बाभळीचा हाय."
मी खाली बसून नख ओढलं.
तीन पाय पिवळसर. चौथा तांबूस.
"बाबा, गिऱ्हाईक तोडालाव का?" नदाफ चिडला.
"तोडलो तर मी तोडलो. गिऱ्हाईक नाही, पाय.
संपाच्या तिसऱ्या आठवड्यात, जिन्यावरून टाकली हिला.
दोन मिनिटाला अर्धी पाळी कापायचा, ह्याच्यावर बसून."
नाव सांगितलं: नरसय्या गज्जम, सायजिंग खातं.
बिल्ला नंबर सांगितला, न विचारता.
"सुतार लावून नवा बसवले. पैसे माझ्या पगारातनं.
सात महिने कापले.
म्हणजे पाय तेवढा माझा हाय बघा."

मग जुडी माझ्या हातात दिली,
चपला काढल्या,
आणि बसला.
दोन्ही हात दोन्ही हातांवर ठेवून, अगदी टेकून.
बाजार चालू होता. कुणी नट-बोल्ट निवडत होतं,
कुणी रेडिओचं बटण फिरवत होतं, आवाज येतोय का बघायला.
नरसय्याने रिकामं मनगट डोळ्यांजवळ नेलं,
नदाफकडे बघितलं, म्हणाला,
"दोन मिनिट लेट."
नदाफला हसावं की नाही कळेना.

मला कळलं होतं, बदललेल्या पायाचे तीनशे कमी होतात.
मी तेराशे मोजले.
नदाफने गुपचूप घेतले. नरसय्या जुडी घेऊन
पुढच्या ताडपत्रीशी, कुणाचीतरी इस्त्री वर-खाली बघत.
त्याला काही द्यावं असं मनात आलं,
आणि रिक्षा आली.

मांडीवर उलटी खुर्ची, चारही पाय वर.
शिवाजी चौकात सिग्नलला रिक्षावाल्याने विचारलं, कितीला?
मी म्हटलं, तेराशेला.
स्वस्त पडली की, म्हणाला.
मी म्हटलं, हो,
एक पाय दुसऱ्याचा आहे.